मोरचुदाची खळ

हे सांगणं मी आयुष्यभर टाळलं. कुणी विचारलंच, तर "कागद शेळीनं खाल्ला" म्हणायचो. लोक हसायचे. मीही हसायचो.

"आपल्या खळीला शेळी बी तोंड लावत नाय!" हे चाचांचं ठेवणीतलं वाक्य. निजामाच्या काळात कामगार आणि मालकाच्या भांडणात लवादानं फैसला दिला, की तो बजावायला कचेरीतले शिपाई चाचा यायचे. मालकानं कागद घेतला नाही, तर तो फाटकावर आठ दिवस चिकटलेला राहायला हवा. नवव्या दिवशी लागू. मालक कधीच घेत नसत. त्यामुळे चाचांची अर्धी नोकरी फाटकांशी बोलण्यात गेली.

कागद चिकटवायची खळ ते घरी शिजवायचे. जनावरांनी खाऊ नये म्हणून तीत मोरचूद घालायचे. त्यानं बोटं कायम निळी.

"चाचा, शाईच्या विहिरीत पडलात का?" गुलमंडीतले कापडवाले विचारत.

"व्हय. आन् खाली सरकारची सही सापडली, ती घेऊन वर आलो."

मी तेव्हा एका गिरणीच्या फाटकावर कारकून होतो. संघटना काढली म्हणून गिरणीनं अकरा जणांना काढलं होतं. फैसला आला, त्यांना परत घ्या. साहेबांनी दार लावून घेतलं. चाचांनी फाटकासमोर उभं राहून सगळा फैसला खणखणीत वाचला, कागद चिकटवला आणि फाटकाला सलाम ठोकला. मला म्हणाले, "तुमच्या साहेबापेक्षा हे बरं. ऐकून तरी घेतंय."

पाचव्या दिवशी साहेब म्हणाले, "तो कागद राहिला, तर तू राहणार नाहीस."

मी पाणी मारून कागद खरवडला. चौकशीत जबाब दिला, शेळीनं खाल्ला.

अधिकारी चाचांकडे वळले. "मोरचूद नव्हता घातला?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात टेबलाखाली घेतले. नखांत निळं अजून होतं.

"भूल झाली, हुजूर," चाचा म्हणाले. "या खेपेला राहिला."

आठ दिवस भरले नाहीत म्हणून फैसल्याची फाईल पुन्हा हैदराबादला गेली. अकरा जण आणखी चार महिने फाटकाबाहेर बसले; दोघं कंटाळून गाव सोडून गेले. चाचांना कागद बजावायच्या तामिलीवरून काढून कचेरीत पाणी भरायला लावलं. मी कायम झालो.

वर्षभरानं हिय्या करून छावणीत त्यांच्या घरी गेलो. वाटेत माफीचं वाक्य घोकत होतो. मी बसतो न बसतो तोच त्यांनी विचारलं, "काय मुन्शीजी, शेळी बरी हाय ना?"

"बरी आहे," मी म्हणालो.

ते खदखदून हसले आणि चहाची बशी पुढं केली. बोटं पार स्वच्छ झाली होती. मी चहा प्यायलो, बशी पालथी घातली आणि घोकलेलं वाक्य तसंच घेऊन घरी आलो.