डावीकडे जाणारी गाडी

जानेवारीतला पहिला रविवार, दुपारचे सव्वाबारा. रक्कम दोन हजार दोनशे रुपये. हजर तिघं: मी, माझी बायको आणि बाबा. बाबांनी पाचशेच्या चार आणि शंभराच्या दोन नोटा जेवणाच्या टेबलावर ठेवल्या, पंखा चालू होता म्हणून त्यांच्यावर मिठाची बरणी ठेवली आणि म्हणाले, "बंपरचे."

मी ते पैसे घेतले. नको म्हटलं नाही.

त्याआधीच्या आठवड्यात सोसायटीच्या गेटमधून आत येताना बाबांनी गाडीची डावी बाजू लोखंडी खांबाला घासली होती. बंपरचा कोपरा फुटला. बदलापुरातल्या डेंटिंगवाल्याने दोन हजार दोनशे घेतले. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. अंबरनाथच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांनी चौतीस वर्षं काढली. पेन्शन म्हणून जे मिळतं त्यात महिन्याचा किराणासुद्धा बसत नाही. तरी स्वतःच्या हातून झालेलं नुकसान स्वतः भरायचं, हा त्यांचा कारखान्यातला नियम त्यांनी घरीही ठेवला आहे.

आठवडाभर गाडी माझ्याकडे असते. रविवारी सकाळी ती बाबांची. ते वांगणीला आत्याकडे जातात. आत्या एकटी राहते, तिचे गुडघे गेलेत, आणि बाबा तिला आठवड्याची औषधं, दळण आणि गावभरच्या बातम्या पोचवतात. रिक्षाने, गाडीने, कशानेही जाता येईल. पण आत्याच्या दारात स्वतः गाडी चालवत जाऊन उभं राहणं वेगळं. आई गेल्यापासून बाबांच्या आठवड्यात तेवढी एकच गोष्ट त्यांची स्वतःची उरली आहे.

नोव्हेंबरात मी एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. वांगणीच्या रस्त्यावर दोन वेळा डावं चाक डांबर सोडून मातीत उतरलं. मी ओरडलो. बाबा म्हणाले, "गाडी डावीकडे जाते रे."

मी त्यांचं म्हणणं उडवून लावलं नव्हतं, हेही सांगितलं पाहिजे. दुसऱ्याच दिवशी मी काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर चाचणी घेतली. एक किलोमीटर, वेग चाळीस, हात स्थिर. गाडी रेषेत गेली. परत येताना पुन्हा एकदा. पुन्हा रेषेत. दोन चाचण्या, दोन्हींचा निकाल एकच. त्यामुळे गेटचा खांब घासला तेव्हा माझ्याकडे पुरावा तयार होता.

"गाडी डावीकडे जाते," बाबा परत म्हणाले.

"गाडी जात नाही, बाबा. तुम्ही नेता," मी म्हणालो, आणि खिळ्यावरची किल्ली काढून माझ्या कपाटात ठेवली.

बायको रात्री म्हणाली, "किल्ली ठेवलीत ते एक वेळ ठीक. पण बोललात कसं!"

"खरं तेच बोललो."

"तुमचं खरं नेहमी दोन दशांश स्थळांपर्यंत असतं," ती म्हणाली आणि कूस बदलली.

दोन रविवार बाबा घरीच होते. आत्याचा फोन आला की दुसऱ्या खोलीत जाऊन बोलायचे. तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी कामावरून येऊन मी तासाभराने पुन्हा खाली उतरलो तर पार्किंगमध्ये बाबा उकिडवे बसलेले; किल्ली बायकोने काढून दिली होती. गाडीच्या दोन्ही बाजूंना, चाकांच्या मधोमध येईल अशा उंचीवर, गवंड्याची दोरी ताणून बांधलेली. दोरीची टोकं रंगाच्या जड डब्यांना. हातात सहा इंची स्टीलची पट्टी, नाकावर चष्मा. वॉचमन बॅटरी धरून उभा.

"काका अर्धा तास मोजतायत," वॉचमन म्हणाला. "मला हलूही देत नाहीत."

बाबांनी वर न बघता सांगितलं, "दोरी गाडीला समांतर. स्टेअरिंग सरळ. आता रिमच्या पुढच्या कडेपासून दोरीपर्यंत मोजायचं आणि मागच्या कडेपासून मोजायचं. चाक सरळ असेल तर दोन्ही आकडे सारखे." त्यांनी विजेच्या बिलामागे लिहिलेले आकडे दाखवले. उजवं चाक: पुढे १२०, मागे १२०. डावं चाक: पुढे ११८, मागे १२३. "डाव्याचं तोंड पाच मिलिमीटर बाहेर आहे. गाडी ढकलून, चाक अर्धं फिरवून परत मोजलं. पाचच."

मला आकड्यांबद्दल आदर आहे. पण ते कोणी काढले हेही मी बघतो, आणि त्या संध्याकाळी मला फक्त एक म्हातारा माणूस दोरी घेऊन बसलेला दिसला. मी म्हणालो, "बाबा, हल्ली हे कॉम्प्युटरवर करतात."

"मग कर ना कॉम्प्युटरवर."

मी लगेच केलं नाही. महिनाअखेरीला टायरमध्ये हवा भरताना पंपावरच्या माणसाने पुढच्या डाव्या टायरची आतली कड दाखवली. बोट फिरवलं तर गुळगुळीत. दीड वर्षाचं टायर. नवीन जोडी नऊ हजारांच्या घरात. तेव्हा कुठे मी अलाइनमेंटची, म्हणजे चाकं सरळ करून घेण्याची, चौकशी केली. म्हणजे बाबांच्या शब्दासाठी नाही, टायरसाठी.

बदलापुरात घराजवळच्या चकचकीत दुकानात बाराशे. त्यात चारही चाकांचं बॅलन्सिंग आणि नायट्रोजन घ्यावंच लागणार. अंबरनाथला सहाशे. उल्हासनगरला साडेतीनशे, फक्त अलाइनमेंट, बाकी कशाची सक्ती नाही.

"अडीचशे वाचवायला उल्हासनगर?" बायको म्हणाली. "पेट्रोल काय नळाला येतं?"

"अंबरनाथपेक्षा जास्तीचं पेट्रोल शंभरचं. दीडशे उरतात."

"आणि अर्धा दिवस? तो कुठे धरलात?"

तो मी धरला नव्हता. शनिवारी निघालो तेव्हा बाबा चपला घालून दारात उभे होते. "मला मशीन बघायचंय," एवढंच म्हणाले. विजेचं बिल घडी करून खिशात होतं.

दुकान फर्निचर बाजाराच्या मागच्या गल्लीत. मालक साठीचा सिंधी गृहस्थ, उंच स्टुलावर बसलेला, मराठी आपल्यापेक्षा झरझर बोलणारा. मी आधी विचारून घेतलं की साडेतीनशेच्या वर काही लागलं तर आधी सांगणार ना.

"साईं, लागलं तर आधी सांगणार, नाही लागलं तर चहा पाजणार," तो म्हणाला आणि बाबांना खुर्ची दिली. "काका, इथे बसा. स्क्रीन इथून सरळ दिसते."

मेकॅनिकने आधी चारही चाकांची हवा सारखी केली. मग गाडी गल्लीतून बाहेर काढून एक फेरी मारली, परत आला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून मला म्हणाला, "साहब, स्टेअरिंग तिरछा है. कब से ऐसा चला रहे हो?"

"तिरकं? मला तर सरळच वाटतं."

"आप रोज चलाते हो ना? हाथ को आदत पड़ गई."

मी आत बसून पाहिलं. गाडी सरळ उभी होती, आणि स्टेअरिंगच्या मधला बिल्ला थोडासा उजवीकडे कललेला. घड्याळात बारावर असायला हवा तो, साडेबाराला तासकाटा असतो त्याच्या आसपास. मी रोज ते तसंच उजवीकडे धरून चालवत होतो, आणि गाडी सरळ जात होती. माझ्या दोन्ही चाचण्यांत मी तेच केलं होतं. आठवड्यातून एकदा बसणारे बाबा बिल्ला बघून स्टेअरिंग सरळ धरत. सरळ धरलं की गाडी डावीकडे.

मेकॅनिकने रॅम्पवर घेऊन चाकांना सेन्सर लावले. पडद्यावर आकडे आले. उजवं चाक हिरवं. डावं लाल: चार पूर्णांक आठ, बाहेर.

बाबांनी खिशातून बिल काढलं, उलगडलं, पडद्याशी धरून बघितलं आणि परत घडी घातली. "दोन दशांशाचा फरक," ते स्वतःशीच म्हणाले. "दोरी जाड होती."

मालकाने विचारलं, "कशाने मोजलं होतं काका?"

"दोरीने."

"अरे इधर आ," मालकाने मेकॅनिकला हाक मारली. "देख, काकाजींनी दोरीने पाच काढला. तू मशीन घेऊनसुद्धा कधी कधी दोनदा लावतोस!"

मेकॅनिक खाली वाकला होता. तिथूनच म्हणाला, "साहब, लेफ्ट का टाय रॉड एंड नया है. कब डाला?"

टाय रॉड एंड म्हणजे स्टेअरिंगची हालचाल चाकापर्यंत पोचवणाऱ्या दांड्याचं टोक. ते बदललं की चाकाची दिशा थोडीफार हलतेच, म्हणून लगेच अलाइनमेंट करून घ्यायचं असतं. मला आठवलं. ऑगस्टात पालेगावच्या रस्त्यावर डावं चाक खड्ड्यात आपटलं होतं, तिथल्याच गॅरेजमध्ये ते टोक बदललं होतं.

"बिल असेल तर बघू," मालक म्हणाला. "पार्ट कोणत्या कंपनीचा ते कळेल."

बिल होतंच. गाडीची सगळी बिलं मी डॅशबोर्डच्या कप्प्यात रबर लावून ठेवतो. मी गठ्ठा काढला, ऑगस्टचं बिल सापडलं, आणि ते मालकाच्या हातात द्यायच्या आधी बाबांनी मध्येच घेतलं, कारण त्यांना पार्टचं नाव बघायचं होतं. त्यांनी पुढची बाजू वाचली. मग मागची. मागे माझ्याच पेनाने लिहिलेलं होतं: गॅरेजवाला अलाइनमेंट करा म्हणतो. गाडी सरळ चालते. गरज नाही. रु. ३५० वाचले.

बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला.

"अक्षर सुंदर आहे तुझं," ते म्हणाले आणि बिल मालकाकडे दिलं.

त्यानंतरची वीस मिनिटं मी पडद्याकडे बघत उभा होतो. मेकॅनिकने स्टेअरिंग सरळ करून पट्ट्याने बांधलं, खाली जाऊन नट सैल केला, दांडा पाव आटा फिरवला, मग आणखी थोडा. चार पूर्णांक आठ, तीन, दीड, शून्य पूर्णांक तीन. हिरवं.

"एक चक्कर मारून या," मालक म्हणाला.

मी चालवायला बसलो, बाबा शेजारी. गल्ली संपून मोठ्या रस्त्याला लागलो आणि गाडी उजवीकडे सरकायला लागली, दुभाजकाकडे. "बाबा, ही आता उजवीकडे जाते," मी म्हणालो. बोलून झाल्यावर मला खाली बघायचं सुचलं. बिल्ला साडेबारावर होता. माझा हात सहा महिन्यांच्या सवयीने स्टेअरिंग उजवीकडे धरून होता.

'तुम्ही नेता' हे डिसेंबरातलं माझं वाक्य बाबांच्या हाताशी होतं. त्यांनी ते उचललं नाही. त्यांनी फक्त एक बोट पुढे करून बिल्ल्याकडे दाखवलं. मी हात सैल केला, बिल्ला बारावर आला, गाडी सरळ चालू लागली.

एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. पाच मिलिमीटरांनी गाडी डावीकडे जात होती हे सिद्ध झालं. पण गेटच्या खांबाला लागलं त्यात गाडी किती आणि बाबांचं वय किती, हे कुठलंही मशीन सांगणार नाही. वीस वर्षांपूर्वी बाबांनी तो खांब चुकवला असता का? असता, असं मला वाटतं. तो प्रश्न आहेच आणि आज ना उद्या येणार आहे. पण तो विचारायचा तर खरा आकडा हातात घेऊन विचारायचा. मी खोटा आकडा घेऊन विचारला होता.

दुकानात परत येऊन मी गाडी बंद केली आणि किल्ली बाबांपुढे धरली. "घरापर्यंत तुम्ही घ्या."

"आत्ता नको, इथे गर्दी आहे," ते म्हणाले. "अंबरनाथ सुटलं की घेतो." आणि तसंच केलं. अंबरनाथ सुटल्यावर गाडी बाजूला घेतली, आम्ही जागा बदलल्या. सोसायटीच्या गेटमधून आत येताना त्यांनी वेग अगदी कमी केला. खांब आणि आरसा यांच्यात एक वीत अंतर राहिलं. वॉचमनने उगीचच सलाम ठोकला.

संध्याकाळी बाबांनी आत्याला फोन केला, बाहेरच्या खोलीतूनच. "उद्या येतो. दळण काय आणायचं ते सांग. नाही, नाही, माझा हात चांगला आहे, गाडीचं जरा बिनसलं होतं." ऑगस्टच्या बिलाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

शेवटी दिले ते असे: अलाइनमेंटचे साडेतीनशे, उल्हासनगरच्या दुकानमालकाला, चहाचे त्याने घेतले नाहीत. आणि रात्री जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली दोन हजार दोनशे, बाबांना. त्यांनी ते मोजून घेतले.