उंबऱ्याशेजारचा नळ

शहराच्या कडेला, हर्सूलला घर घेतलं तेव्हा दाराच्या उजव्या हाताला, पायरीला लागून, एक नळ होता. बिल्डरनं तो कुंड्यांना पाणी घालायला दिला असावा. नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्याच दिवशी त्याचा खरा उपयोग ठरवून टाकला. ते फुलंब्रीच्या पुढं आमच्या गावी शेती करतात. आमच्याकडं बाहेरून आलेला माणूस पाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. पाहुण्यालाही आधी पाय धुवायला तांब्या, मग प्यायला पाणी. नाना बसमधून उतरून चालत यायचे, नळाखाली टाचा घासून घासून धुवायचे आणि ओल्या पावलांनी आत येत म्हणायचे, "आलो रं."

मला त्या नळाची लाज वाटायची, हे आता सरळच सांगतो. पायरीच्या ग्रॅनाइटवरून मातकट पाणी वाहायचं आणि समोरच्या घरातले बघत असतील असं वाटून मी कानकोंडा व्हायचो. समोरच्यांना त्यांचे उद्योग होते. बघत मीच होतो.

मागच्या वर्षी दाराबाहेरची छपराखालची जागा आम्ही नव्यानं करून घेतली. आल्यागेल्याला प्रसन्न वाटावं, हा हेतू. महिनाभर मोबाईलवर लोकांची दारं बघून बघून मी बायकोचं डोकं खाल्लं होतं. डिझायनर बाईंनी काम चांगलं केलं, त्यांना दोष नाही. भिंतीला लाकडी पट्ट्या, चपला दडवणारं कपाट, माणूस जवळ आला की आपोआप लागणारा दिवा, बूट घालताना टेकायला सायीच्या रंगाचं मऊ बाकडं आणि पायपुसण्यावर ठळक अक्षरात 'सुस्वागतम'. नळाचं काय करायचं, एवढंच त्यांनी विचारलं.

"अहो, नळ राहू द्या," बायको म्हणाली. "नाना आल्यावर पाय कुठं धुतील?"

"आत बाथरूम आहे की," मी म्हणालो.

बाथरूमपर्यंत पोचायला तशाच पायांनी उंबरा ओलांडून अख्खा हॉल तुडवावा लागतो, हे काय शेतकऱ्याच्या पोराला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. नळ काढला, भोक बुजवलं, वर पट्ट्या ठोकल्या.

हिवाळ्यात एका सकाळी नाना आले. आल्याची काढणी चालू होती, तिथूनच उठून पिशवीभर ताजं आलं घेऊन निघाले होते. पायांना घोट्यापर्यंत वाळलेला चिखल. मी दार उघडलं. नानांनी सवयीनं उजवीकडं हात नेला आणि पट्ट्या चाचपल्या.

"नळ कुठं गेला रं?"

"काढला, नाना. सगळं नवीन केलंय ना."

"व्हय का. लई भारी केलंय."

मग ते आपल्या पायांकडं बघत राहिले. चपला काढल्या, परत घातल्या. न धुतलेल्या पायांनी घरात शिरणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. शेवटी हातानं तरी चिखल झाडावा म्हणून ते बाकड्यावर टेकायला वाकले.

"नाना, तिथं नका बसू. डाग पडंल."

हे मी म्हणालो. साहेब आले असते, सोसायटीचे लोक उभे असते, तर निदान काहीतरी सबब सांगता आली असती. कोणी नव्हतं. बाप, मी आणि बाकडं. त्यातलं मी बाकडं सांभाळलं.

अर्धवट वाकलेले नाना तसेच सरळ झाले. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पिशवी पायपुसण्याला लागणार नाही अशी खालच्या पायरीवर ठेवली. तेवढ्यात बायको आतून तांब्या भरून धावत आली. "थांबा नाना, मी पाणी घालते पायावर."

"नको माय, गाडी चुकंल," म्हणाले आणि निघाले. फुलंब्रीला दर थोड्या वेळानं गाडी असते.

बायकोनं पायरीवरची पिशवी उचलून आत नेली. ते आलं महिनाभर पुरलं. रोज चहात ते पडायचं आणि रोज तो चहा मला पिववत नव्हता. फोन केला की नाना म्हणायचे, "कामं लई हायत." मध्ये मी गावी जाऊन आलो. माफी मागायची असं ठरवून गेलो होतो. दारात नानांनी माझ्या हातात तांब्या दिला. "धू पाय," म्हणाले. मी पाय धुतले, जेवलो आणि माफी न मागताच परत आलो.

नाना पुन्हा आले ते एप्रिलमध्ये, नातीच्या वाढदिवसाला. भर उन्हात पायात काळे मोजे. जन्मात त्यांनी मोजे घातले नव्हते. एकावर दुकानाची चिठ्ठी तशीच चिकटलेली होती. नाक्यावरच्या चहावाल्याकडं पाय धुतले आणि तिथंच मोजे चढवले, असं त्यांनीच सांगितलं. मग बाकड्याकडं हात करून सुनेला विचारलं, "बसू का इथं? आता नाय डाग पडायचा." टोमणा मारत नव्हते. टोमणा त्यांना जमतच नाही.

दुसऱ्याच दिवशी मी प्लंबर बोलावला. पट्ट्या तोडाव्या लागतील म्हणाला. तोड म्हणालो. नळ होता तिथंच परत बसला.

आता नाना येतात ते नळाखाली पाय धुतात, पूर्वीसारखेच, टाचा घासून. मग उभ्यानंच, एका हातानं भिंत धरून, पाय पुसतात आणि सदऱ्याच्या खिशातून मोजे काढतात.

"राहू द्या ना आता, नाना," मी म्हणतो.

"असू दे," ते म्हणतात आणि मोजे घालून आत येतात.