कानाला लावायचा मास्क

आमच्या कंपनीत वेळेवर काहीच तयार होत नाही, एक किस्से सोडून. ते आपोआप होतात. मी शहापूरची, रोज स्कूटीनं किन्हवलीवरून मुरबाडला येते, आणि परत जाताना डोक्यात एक तरी नवा किस्सा असतोच. मैत्रिणी म्हणतात, "तुमच्या ऑफिसात किती मजा असते गं!" मजा? डोंबलाची मजा!

आधी थोडं सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत एका शेडमध्ये आम्ही पत्रा दाबायच्या प्रेसचे कंट्रोल बॉक्स बनवतो. बॉक्समध्ये चिप, आणि चिपवर एक छोटं कर्नल, म्हणजे सगळ्या मशीनचा कारभारी. बटण दाबलं, काही बिघडलं, की कारभाऱ्याला हाक जाते: हातातलं टाक, इकडे बघ! ही हाक म्हणजे इंटरप्ट. नाजूक काम चालू असलं की कारभारी क्षणभर कान झाकून घेतो, त्याला म्हणायचं मास्क करणं. काम झालं की कान उघडायचे. एवढंच शास्त्र!

बॉक्स टेस्ट करायला शेडमध्ये एक खरी प्रेस आहे. त्या प्रेसवर दिवसभर सुमन बसते. डोळखांबकडच्या पाड्यावरची. घरचे सगळे दर साल वीटभट्टीवर जातात, ही एकटी वर्षभर एका जागी राहते. पत्रा आत, हात बाहेर, मग दाब. प्रेस भलत्या वेळी खाली यायला लागली तर तिच्याकडे उपाय एकच, लाल बटण. आणि त्या बटणाची हाक ऐकणार कोण? आमचा कारभारी!

* * *

हे कर्नल लिहिलंय आमच्या मालकांनी, राणे सरांनी. ऋषी कल्याणहून इंटरव्ह्यूला आला तेव्हा सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "मास्क केव्हा करशील?"

ऋषी गडबडला. "सर, आता सक्ती नाहीये ना?"

सर खूश! मला म्हणाले, "घ्या याला. हा काही वाद घालणार नाही."

सहा महिन्यांत ऋषी रोज वाद घालायला लागला. माझ्याच शेजारी बसतो ना तो.

* * *

सरांचं तत्त्व एकच: आधी मास्क, मग विचार. डिस्प्ले लुकलुकला, मास्क कर. मशीन अडकलं, मास्क कर. एकदा ऋषीला कोडमध्ये अशी जागा सापडली की शिरताना कारभारी कान झाकतो, आणि मध्येच एरर आली तर मागच्या दारानं बाहेर पडतो. कान उघडायचे राहिलेच! बरं, त्या ओळीवर सरांनी स्वतः लिहून ठेवलेलं: 'हे काढू नये. काढल्यावर काय होतं ते आठवत नाही.'

आम्ही काढलं. सरांनी परत घातलं.

* * *

एका सकाळी सरांनी पेढे वाटले. "टेस्टमध्ये शून्य एरर!"

शून्यानं भागायची वेळ आली की चिप ओरडते, त्याला एक्सेप्शन म्हणतात. सरांनी आदल्या दिवशी ते ओरडणंच मास्क करून टाकलं होतं. हिशेब होता तसाच चुकत होता, फक्त गुपचूप.

ऋषी म्हणाला, "सर, पेशंट ओरडायचा थांबला म्हणजे बरा झाला असं नसतं."

सर म्हणाले, "तू दुसरा पेढा घे."

* * *

म्हशाच्या जत्रेला आम्ही सगळे गेलो होतो. सरांच्या मिसेस आकाशपाळण्यात बसल्या, वर गेल्या आणि घाबरल्या. "थांबवा हो! अहो थांबवा!" खाली भोंगे बोंबलतायत, पाळणेवाला पान लावतोय. सर आमच्याकडे वळून म्हणाले, "बघा, मास्क म्हणजे हे! राउंड पुरा झाल्याशिवाय ऐकायचं नाही!"

मिसेस खाली उतरल्या त्या सरांशी एक अक्षर बोलल्या नाहीत. घरी जाईपर्यंत सरच मास्क!

* * *

आम्ही खूप हसलो त्या दिवशी. पुढच्याच आठवड्यात सुमननं लाल बटण दाबलं आणि प्रेस आणखी एकदा खाली आली. हाक गेली होती. कारभाऱ्याचे कान झाकलेले होते. हातमोज्याचं टोक चेपलं, बोटं वाचली. सुमन पाणी प्यायली आणि भिंतीला टेकून बसून राहिली.

सर आले. "थांबली ना शेवटी?"

"सर," सुमन म्हणाली, "शेवटी तर माणूस पन थांबतो."

मी आणि ऋषी तडक सरांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, लाल बटणानं सरळ करंटच तुटू दे, मध्ये कर्नल नकोच.

"मग आपलं कर्नल घेईल कोण?"

ऋषी म्हणाला, "चिपला एक हाक अशी असते, जी कुणाला मास्कच करता येत नाही. ती द्या बटणाला."

"ती दिलीय झाकणाला."

म्हणजे बॉक्स उघडून कुणी आमचा कोड चोरायला गेलं, तर मशीन त्याच क्षणी बंद! चोर आला तर ताबडतोब थांबायचं, बोट आलं तर सवडीनं. अशी माणसं असतात हो! मला तिथेच खुर्ची उचलून आपटावीशी वाटली.

शेवटी आम्ही झाकणाला सुतळी बांधली आणि टोक सुमनच्या पायाशी सोडलं. "बटण विसर, हिला हिसका दे." हिसका दिला की झाकण उघडायचं आणि प्रेस जागच्या जागी थांबायची. फक्त मशीन लॉक व्हायचं आणि पासवर्ड एकट्या सरांना ठाऊक. दर वेळी यायचे बिचारे, पुटपुटत.

"अगं, अजून किती वेळा?"

"बोटं हायेत तवर, सर."

* * *

आणि हा परवाचा. नाशिकहून मोठं गिऱ्हाईक यायचं होतं. सकाळीच सरांनी सुतळी कापून टाकली, झाकण स्क्रूनं पक्कं केलं. "क्लायंटसमोर सुतळी? लाज आहे का काही!" कोड मात्र होता तसाच. मी बोलले, ऋषी बोलला. भिंतीशी बोललो असतो तर बरं.

साहेब आले, चहा झाला, प्रेस चालू झाली. सुमन स्टुलावर. साहेबांनी विचारलं, "आणि सेफ्टीचं काय?"

सरांना तेच हवं होतं. "लाल बटण दाबलं की प्रेस जागच्या जागी! सुमन, हात आत असू दे आणि बटण दाबून दाखव साहेबांना."

मी "सर!" म्हणून ओरडले. त्यांनी ऐकलं नाही.

सुमन उठली. ओढणीला दोन्ही हात पुसले आणि स्टूल सरांच्या पुढ्यात सरकवलं.

"सर, तुमी बसा हितं. हात तुमचा ठेवा, बटन मी दाबते."

प्रेस चालूच होती. साहेब सरांकडे बघत होते.

सरांनी दोन्ही हात खिशात घातले.