मी पारखून आणलेला ड्रम

माझ्या शहाणपणाच्या गोष्टी मला स्वतःलाच सांगाव्या लागतात, दुसरं कुणी सांगत नाही. ही फजितीची गोष्ट मात्र भोरात कुणालाही विचारा, मीठमिरची लावून सांगतील. म्हणून म्हटलं, चहा उकळतोय तोवर माझ्याच तोंडून ऐका. निदान माझी बाजू तरी कानावर पडेल.

आमच्या मुलींच्या शाळेत मी तेव्हा गाणं आणि शिवण शिकवत होते. माझी शमी सहा महिन्यांची. पहिलटकरणीचा जीव तो! पोर झोपली की श्वास चालतोय ना म्हणून नाकाशी बोट धरायचं, आणि रडायला लागली की आपलं काय चुकलं म्हणून आपणही रडायचं. अशा बाईला शाळेनं बँडचे ड्रम आणायला पुण्याला पाठवलं. चूक माझी की शाळेची, तुम्हीच ठरवा.

झालं असं, की त्या वर्षी संमेलनात मुलींचा बँड काढायचं ठरलं. मुलांच्या शाळेत बँड होताच. पण मुलींनी गळ्यात ढोल अडकवून मैदानात पावलं टाकायची म्हटल्यावर कमिटीत बरीच कुरकुर झाली. माझे चुलतसासरे, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, कमिटीवर होते. ते म्हणाले, काढा बँड, पण संमेलनात शोभा झाली तर वाद्यं दुसऱ्या दिवशी मुलांच्या शाळेत जातील. पोरींनी त्याचा इतका धसका घेतला, की रॉकेलच्या रिकाम्या डब्यांवर सराव सुरू केला. शाळेशेजारच्या घरांतून तक्रारी येऊ लागल्या.

खरं तर ड्रम आणायला ड्रिलमास्तर जायचे. भोंगवलीचे, पलटणीतून पेन्शनीत आलेले हवालदार. नेमका त्यांना हिवताप भरला. मग जायचं कुणी? गाण्यातलं कळतं म्हणून मी! मास्तरांनी अंथरुणातून चिठ्ठी पाठवली: मोठा ड्रम एक, लहान ड्रम एक, झांजांची जोडी एक. खाली रेघ ओढून लिहिलेलं, 'लहान ड्रम वाजवून पारखून घ्यावा.'

पारखून! हा शब्द वाचून माझी छाती फुगली. अहो, बाजारात मडकं पारखावं तर मीच. कानाशी धरायचं, बोटानं टिचकी मारायची. स्वच्छ गोल आवाज आला तर घ्यायचं. आवाज जरा जरी चिरका, थरथरता आला की ओळखायचं, कुठंतरी चीर गेलीय. आळीतल्या बायका मडकी घ्यायला मला मुद्दाम बरोबर नेत. मी कॉलेजात शिकलेलं कुणी विचारत नसे, हे मात्र सगळ्यांना ठाऊक.

यांना कचेरीतून रजा मिळेना, तेव्हा सासूबाई, मी आणि शमी अशा आम्ही तिघी सर्व्हिस मोटारीतून पुण्याला गेलो. तिथं लष्कर भागात एक वाद्यांचं दुकान होतं. मोठा ड्रम एका टिपरीत पसंत पडला. मग दुकानदारानं लहान ड्रम काढला आणि दोन काड्यांनी वाजवून दाखवला.

तर्रर्रर्र!

शमी दचकून उठली आणि तिनं भोकाड पसरलं. मी म्हटलं, हा तडकलाय, दुसरा दाखवा. दुसराही तर्रर्र. तिसराही. पाच ड्रम झाले, पाचही तडकलेले! सासूबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "परगावच्या बायका बघून फुटका माल गळ्यात मारतोय गं हा."

मी काही कमी नव्हते. एक ड्रम उलटा करून पाहिला. खालच्या कातड्याला लागून बारीक वळलेल्या तारांची एक पट्टी ताणून बसवलेली होती. ती थरथरत होती! सापडला चोर, म्हटलं.

"हे काढा."

"बाई, ते काढत नसतात."

"का? चीर झाकायला लावलंय ना?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, रडणाऱ्या शमीकडे पाहिलं, सासूबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्यानं पेचकस घेतला. काढलेली पट्टी कागदात गुंडाळून आमच्या पिशवीत टाकली. म्हणाला, तुमचीच आहे, असू द्या. मग ड्रम वाजवला. धप्प, धप्प. कसा गोल, भरीव आवाज! शमीसुद्धा गप्प झाली. याहून मोठा दाखला कुठला हवा?

परत येताना नसरापूरला मोटारीत पाणी घालायला थांबलो. टपावरचे ड्रम बघून लोक विचारायला लागले, कुणाचं लगीन हाय? मी खिडकीतून मान बाहेर काढून सांगितलं, मुलींचा बँड आहे, आणि ड्रम मी पारखून आणलेत. कुणी विचारलं नव्हतं, तरी सांगितलं.

घरी आल्यावर ती तारांची पट्टी टाकवेना. इतकी चकचकीत! पाळण्यावर लाकडी राघू टांगले होते, त्यांच्यामध्ये ती बांधून टाकली. पाळणा हलला की राघू तिला टेकत आणि झिर्र, झिर्र असा आवाज येई. शमी दोन मिनिटांत गाढ झोपू लागली. एका फेरीत दोन खरेद्या साधल्या म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटली.

ताप उतरल्यावर मास्तर शाळेत आले, तेव्हा संमेलन तीन दिवसांवर होतं. लहान ड्रम वाजवायचा होता सखूनं. ती वेल्ह्याच्या वरच्या धनगरवाड्यातली, भोरात मावशीकडे राहून शिकत होती. घरात ढोल पिढीजात. पोरीच्या बोटांतच ताल होता. तिनं चार ठोके मारले आणि काड्या खाली ठेवल्या.

"बाई, ह्यो मुका हाय."

मास्तरांनी ड्रम उलटा केला. त्यांचा चेहराच उतरला. "बाई, हितल्या तारा कुठं हायत? पलटणीचं पाऊल त्या तर्रर्रवरच पडतंय. तारा न्हाईत तर ह्यो नुसता डबा."

तारा कुठं आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. झिर्र झिर्र करत होत्या. पण दारात तात्या उभे होते. तेवढ्यात मास्तरच म्हणाले, "दुकानदारानं बाईमाणूस बघून फशिवलं."

आणि मी... मी मान डोलावली.

संपलं! तात्यांनी त्याच संध्याकाळी दुकानदाराला पत्र लिहून टपालात टाकलं. 'संस्थानातल्या शाळेला ठकवता काय' अशी सुरुवात. गावभर त्या बिचाऱ्याचा उद्धार झाला. मी घरी येऊन पाळण्याच्या गाठी सोडायला लागले, तर सासूबाई म्हणाल्या, हे काय आता? म्हटलं, ड्रमला लागतात म्हणे, शाळेत. त्या म्हणाल्या, मग दुकानात काढायला कशाला लावल्यास? याला उत्तर असतं तर मी वकील झाले असते.

दुसऱ्या दिवशी मास्तरांच्या हाती पट्टी दिली. सांगितलं, दुकानदारानं मोटारीच्या ड्रायव्हरबरोबर पाठवली. तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "बघा. पत्र पोचायच्या आत धाक पोचला."

इकडे शमीनं घर डोक्यावर घेतलं. पाळण्याला किल्ल्यांचा जुडगा बांधला, चमचे बांधले, सासूबाईंचे जुने पैंजण बांधले. छे. दोन दिवस पोर धड झोपली नाही आणि मीही.

संमेलनाला मैदान भरलं होतं. सासूबाई पहिल्या रांगेत, मांडीवर किरकिरणारी शमी. शेजारी तात्या. बँड निघाला. मोठा ड्रम घुमला, झांजा वाजल्या, आणि सखूच्या काड्या फिरल्या: तर्रर्रर्र! अहो, काय त्या पोरी चालल्या! परकर-पोलक्यातल्या वीस पोरी, पण पाऊल एक. मास्तर ताठ उभे राहून सलाम ठोकत होते आणि त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. हा ड्रम आपण आणला, असं वाटून माझी मान वर झाली.

आणि बँड पहिल्या रांगेसमोर आला, सखूचा ड्रम शमीपासून चार हातांवर वाजत होता, तेव्हा शमी चक्क झोपली! तोंड उघडं टाकून, गाढ. तात्या वाकून बघत राहिले. बँड थांबला, टाळ्या ओसरल्या, तसे म्हणाले, "नवल आहे वहिनी. एवढ्या दणदणाटात पोर झोपतं कसं?"

सासूबाईंना नातीचा केवढा अभिमान! सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "न झोपायला काय झालं? तारा तिच्या पाळण्याच्याच आहेत की."

तात्यांनी हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मास्तरांनी पाहिलं. सखूनंसुद्धा. मी आपली टाळ्या वाजवत राहिले. सगळ्यांच्या थांबल्या होत्या, तरी मी वाजवत राहिले.

वाद्यं मुलींच्याच शाळेत राहिली, ते तात्यांनी तिथंच जाहीर केलं. आणि दुकानदाराला माफीचं पत्र माझ्याकडून, माझ्या अक्षरात, पाळण्याच्या हकिगतीसकट, समोर बसवून लिहून घेतलं.

आठ दिवसांनी टपालानं एक लहानशी पुडी आली. आत तशीच एक तारांची पट्टी, जुनी, वापरलेली, आणि चार ओळींची चिठ्ठी:

'बाई, ही पाळण्याला बांधावी. ड्रमची ड्रमला राहू द्यावी. मी उरलेले चारही ड्रम पुन्हा तपासले. एकही फुटलेला नाही.'