भुसामामांचे निळे मासे

भुसामामा मासे खात नसत. रत्नागिरीत हे सांगायची चोरी, पण ते बिनदिक्कत सांगत. "दोन दिवस ज्याच्या तोंडाकडे बघत बसलो, त्याला खाऊ कसा गो?"

मामा आमचे शेजारी. ट्रॉलरच्या जाळ्यात चुकून आलेले खडकातले रंगीत मासे खलाशी त्यांना आणून देत. मामा कातडी अलगद सोडवत, मीठ-टाकणखार लावत, आत मिरजोळ्याच्या आंबापेट्यांच्या कारखान्यातला भुसा भरत. म्हणून भुसामामा. असे फळीवर बसवलेले मासे इथल्या बऱ्याच खानावळींत आहेत. आरे-वारेच्या रस्त्यावर पर्यटकांसाठी माझ्या खोल्या आहेत, तिथेही एक आहे. मेल्यावर माशाचा रंग उडतो, त्यामुळे मूळ रंग आठवून मामा तो रंगवत. "बिनचूक असतो माझा रंग," हे स्वतःच सांगत.

मग मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मी त्यांना त्यांच्या घरी आणलं. ते भिंतीवरच्या माशासमोर थांबले.

"हा निळा कोणी ओतला?"

"तुम्हीच," मामी म्हणाल्या.

"मी? असला मासा असतो होय?"

पिवळट झालेल्या डोळ्यांना निळं फिकं दिसे, म्हणून वर्षानुवर्षं ते जास्तीचं निळं चढवत आले होते. आता एकच ध्यास: सगळे मासे दुरुस्त करायचे. कुठल्या खानावळीत कधी जायचं याचे मी वार लावून दिले, रिक्षा ठरवली. लोक हसले, पण त्यांनी मासे दिले. माझा परत रंगवल्यावर मला फिकाच वाटला. तसं म्हटलं.

"तुला आवडावा म्हणून मासा झाला नव्हता तो," मामा म्हणाले.

एक खानावळवाला मात्र अडून बसला. त्याच्याकडचा मासा सगळ्यांत निळा.

"मामा, गिऱ्हाईक त्याच्यासमोर फोटो काढतं. हात नका लावू."

"मग खाली लिही, असा मासा समुद्रात नाही."

"लिहितो हां. चहा घ्या."

मामा अधूनमधून तिथे जात आणि चहा पिऊन परत येत. गेल्या पावसाळ्यात मामा गेले. तो मासा तसाच राहिला.

परवा त्या खानावळीला नवा रंग काढला, तेव्हा मी मासा मागून आणला. टेबलावर ठेवला. खरं सांगते, फार देखणा दिसत होता.

"लावू या की," नवरा म्हणाला आणि खिळा शोधायला उठला.

रंग दुरुस्त करायला आता मामा नव्हते. मी फळी काढली, तारा सोडवल्या आणि परसातल्या माडाच्या आळ्यात खड्डा खणला. टाकणखार माडाला मानवतो. माती लोटताना शेपटीचा निळा बराच वेळ दिसत राहिला. तोही झाकला आणि हात धुतले.