काकू आणि नमस्कार कापणारा मांजरवाला

माधव नगरातल्या माझ्या घरमालकीण काकूंनी मला मदत केली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी त्यांची कितीही मस्करी केली तरी कुणाचा गैरसमज व्हायला नको. काकूंइतकं नम्र माणूस अख्ख्या उज्जैनमध्ये नाही, आणि ती नम्रता सोसायची ताकद माझ्याइतकी दुसऱ्या कुणात नाही.

नम्र म्हणजे किती? फाटकात गाय आडवी बसली तर बाकीचे लोक नुसतं "हट्" म्हणतात. काकू पिशवी खाली ठेवून आधी तिची तब्येत विचारतात, मग "थोडं सरकतेस का गं, त्रास नसेल तर" म्हणतात, आणि तिचं मन होईपर्यंत उन्हात उभ्या राहतात. भाजीवाल्याशी "भैया, आपको तकलीफ न हो तो ज़रा ये लौकी..." एवढं बोलून होईस्तोवर मागची गिऱ्हाइकं भाजी घेऊन, घरी जाऊन, ती फोडणीला टाकून मोकळी होतात. एकदा कुणाचा तरी चुकून फोन लागला. दुसऱ्या कुणी ठेवून दिला असता. काकूंनी त्या माणसाच्या गुडघ्यांची सगळी कहाणी ऐकली. तो देवासचा निघाला, आणि आता दर दिवाळीला त्याच्याकडून शेव येते.

नोकरीभर काकू वीज कार्यालयात तक्रारीच्या खिडकीच्या आत बसल्या. बाहेरून लोक ओरडायचे, आतून काकू "हो का? अरे रे!" म्हणायच्या. ओरडणारा शेवटी त्यांनाच पाणी आणून द्यायचा, असं त्या सांगतात. खरं असणार.

मी हिंगोलीकडची. नववीत शाळा सुटली आणि ओळखीच्या एका बाईंमुळे इथे उज्जैनच्याच देवास गेट भागातल्या साडीच्या दुकानात कामाला लागले. स्वभावाने घाबरट, फोन वाजला तरी आपलंच काहीतरी चुकलं असेल असं मला वाटतं. तरी हिंमत करून संध्याकाळच्या कॉम्प्युटर क्लासला नाव घातलं. दहावी नसूनही सरांनी घेतलं, पण एका अटीवर: गृहपाठ स्वतः आणि वेळेत करायचा. एक जरी चुकला तरी जागा दुसऱ्याला. काकूंनी मुलाचा जुना लॅपटॉप दिला, तोही "तुझी गैरसोय होणार नसेल तर घे" असं म्हणून.

त्या आठवड्याचा गृहपाठ होता धर्मशाळेच्या खोल्या वाटण्याचा. यात्रेकरू येतील तशा प्रोग्रॅमने त्यांना एकेक खोली द्यायची. माझ्या प्रोग्रॅमने कोल्हापूरचं नवीन जोडपं, भोपाळचे बाबा आणि सुरतचं अकरा जणांचं कुटुंब, सगळ्यांना एक नंबरच्या खोलीत घातलं. शनिवारी संध्याकाळी द्यायचा होता, आणि गुरुवार उजाडला तरी बाबा त्या जोडप्याच्याच खोलीत.

क्लासमधली एक मुलगी म्हणाली, प्रोग्रॅमवाल्यांची एक साइट आहे, तिथे विचार. मी विचारलं: "प्लीज प्लीज, अर्जंट. प्रोग्रॅम चालत नाही. शनिवारच्या आत करून द्या." चहा गार व्हायच्या आत उत्तर आलं: "आम्ही इथे तुमचा गृहपाठ करायला बसलेलो नाही." आणि माझा प्रश्नच बंद करून टाकला. आता क्लास गेला, असं म्हणत मी जिन्यात रडत बसले.

"रडून का राहिलीस गं?" काकू वर आल्या. मी लॅपटॉप पुढे केला. त्यांनी चष्मा लावून वाचलं.

"प्लीज दोनदा आहे," त्या म्हणाल्या, "पण विनंती कुठेच नाही. सरक, मी नव्याने लिहिते."

आणि मग काकूंनी सरकारी इंग्रजीत जे लिहिलं! आरंभी सर्वांना सादर नमस्कार. मग सर्वजण आपापल्या घरी सुखरूप असतील अशी आशा. मग उज्जैनचं हवामान. मुलगी घरापासून लांब आहे, कष्टाळू आहे. महाकाल सर्वांचं भलं करो. कुणी दर्शनाला आलात तर आमच्याकडे पोहे खाल्ल्याशिवाय जायचं नाही. आणि सगळ्यात खाली, जाता जाता, प्रोग्रॅम.

त्या साइटवर जुन्या मंडळींना दुसऱ्याचं लिहिलेलंही कापता येतं. थोड्या वेळाने मांजराचा फोटो लावलेला त्यांच्यातला कुणी एक जण आला आणि आमच्या डोळ्यांदेखत एकेक ओळ उडवू लागला.

"अगं, माझा नमस्कार कुठे गेला?"

"कापला, काकू. इथे नमस्कार लिहायचा नसतो म्हणे."

"बरं. आणि पोहे?"

"पोहे तर सगळ्यात आधी कापले."

काकूंनी खाली लगेच लिहिलं, "आदरणीय मांजरवाले साहेब, आपण घाईत असाल, हरकत नाही, आपल्याला परत नमस्कार." त्याने तेही पुसलं. एकाच माणसाचे दोन नमस्कार परत पाठवणारा प्राणी काकूंनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्या खाली जाऊन गटागट पाणी प्यायल्या, आणि वर आल्या त्या वेगळ्याच चेहऱ्याने.

"हा माणूस खिडकीच्या आत बसलाय," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"मांजरवाला. मी पण अशीच बसायची नं. लोक यायचे, पोरीचं लग्न सांगायचे, सासूचं ऑपरेशन सांगायचे, खांब कुठला ते सांगायचे नाहीत. मी तोंडाने अरे रे म्हणायची, आणि मनात म्हणायची, अरे बाबा, खांबाचं बोल!"

शुक्रवारी दुकानातून आल्या आल्या काकूंनी मला समोर बसवलं. काय व्हायला पाहिजे होतं? झालं काय? फ्यूज बघितला का, म्हणजे तू स्वतः काय काय करून पाहिलंस? रडण्यापलीकडे मी फार काही केलंच नव्हतं. मग एकेक करून पाहायला बसले. काकू शेजारी मेथी निवडत बसल्या.

"सुरतचे अकरा जण काढ," त्यांनी हुकूम सोडला. हुकूम! काकूंनी! "बाबा आणि त्या जोडप्यातच भांडण दिसून राहिलं असेल तर त्या बिचाऱ्यांना कशाला त्रास?"

"काकू, गृहपाठ आहे हे नको लिहूया."

"पहिल्या ओळीत लिही. स्वतः फ्यूज उडवून खांबाला नावं ठेवणारा मला आवाजावरून कळायचा. आणि पूर्ण उत्तर नको म्हण. कुठे बघू, तेवढं सांगा म्हण. तेवढं सांगायला माणूस नाही म्हणत नाही."

रात्री तसाच प्रश्न टाकला. शनिवारी सकाळी उत्तर आलं, तेही खुद्द मांजरवाल्याचं. "नीट विचारलंत. खोलीचा नंबर तुम्ही एकवर आणता, तो सुरुवातीला एकदाच, की प्रत्येक यात्रेकरूला नव्याने?" मी पाहिलं. प्रत्येक माणूस दारात आला की माझा प्रोग्रॅम पुन्हा एकपासून मोजत होता! एक ओळ उचलून वर ठेवली.

"काकू! बाबांना खोली मिळाली!"

काकू लाटणं घेऊन धावत आल्या. "कोणत्या बाबांना?"

"भोपाळच्या!"

"बरं झालं बाई. गरम पाणी येतं नं तिथे?"

आभार लिहायचे नसतात, नुसती बरोबरची खूण करायची, हे कळल्यावर काकूंचा पुन्हा जीव खालीवर झाला. "एवढं केलं त्याने, आणि खूण?" शेवटी खूण मी केली आणि त्या लॅपटॉपपुढे हात जोडून इतका वेळ उभ्या राहिल्या की मला दुकानात उशीर झाला.

संध्याकाळी सरांनी विचारलं, "कुणी करून दिला?" मी घाबरत घाबरत सगळा प्रश्नच उघडून दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला. "इतकं नीट तर मला क्लासमध्येही कुणी विचारत नाही," ते म्हणाले. "सोमवारी वेळेवर ये." जागा राहिली. परतताना रिक्षात मी रडले, पण ते वेगळं.

काकूंचं घराणं कित्येक पिढ्यांचं उज्जैनचं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. महाराष्ट्र त्यांनी पाहिला तो एका लग्नापुरता, आणि तोही मंगल कार्यालयाच्या आतून. परवा पोळ्या करताना मला म्हणाल्या, "तुमच्याकडे बसचा कंडक्टर पण मराठीतच बोलतो का गं?"

"हो. आणि भांडतो पण मराठीतच."

"वा," त्या म्हणाल्या, आणि पोळी उलटायची विसरल्या. "एकदा ऐकायला मिळालं असतं."

पुढे काहीच नाही, पुन्हा तो विषयही नाही. पण मला ऐकू आलंय. शिकणं पूर्ण होऊन नोकरी लागली की काकूंना मी हिंगोलीला नेणार, महाराष्ट्र लागला की एसटीच्या बसने, कंडक्टरच्या अगदी जवळच्या सीटवर बसवून. तिथपर्यंतचं सगळं भांडण त्यांनी पोटभर ऐकायचं. स्टँडवर माझी आई घ्यायला येईल, तिला मी आत्ताच सांगून ठेवलंय.