तिऱ्हाईत आई

गल्लीत तिला सगळे टेलरबाई म्हणत. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. तिथे एक मशीन, इस्त्रीचं टेबल आणि खिळ्यांना टांगलेले गिऱ्हाइकांचे कपडे. नवे कपडे ती शिवत नसे, जुनेच लहानमोठे करून देई. स्वभाव घोर लावून घेण्याचा. लेकाला यायला जरा उशीर झाला की अपघातापासून पुढचं सगळं तिच्या डोक्यात होऊन जाई.

"मन चिंती ते वैरी न चिंती, असं तुझं आहे," नवरा म्हणे. तो बस डेपोत मेकॅनिक होता. "रोज आधी मनात मारतेस त्याला, मग जेवायला वाढतेस."

मग एकदा खरंच घडलं. बाजारात दोन टोळक्यांची मारामारी झाली आणि पोलिसांनी हाताला लागेल त्याला गाडीत घातलं. तिचा मुलगा मोबाइलचा चार्जर आणायला गेला होता. रात्रभर फोन बंद. पहाटे तो चालत घरी आला, अंघोळ केली आणि झोपला. गुन्हा नाही, नोंद नाही, काही नाही.

त्यानंतर तो बोलेनासा झाला. कॉलेज सुटलं. दाराची बेल वाजली की हातातलं ताट घेऊन आतल्या खोलीत जाई. मारलं का, म्हणून विचारलं तर "काही नाही गं." अंग पाहू देईना. तिला एवढंच कळायला हवं होतं, की त्या रात्री त्याला काय केलं. दुखणंच ठाऊक नसेल तर औषध कशाचं करायचं?

चौकीत कॅमेरे असतात आणि त्यातलं चित्रण अर्ज करून मागता येतं, हे एका गिऱ्हाइकाने सांगितलं. नवरा म्हणाला, "झाकली मूठ सव्वा लाखाची. पोरगं घरी आलं, बस झालं." तिने ऐकलं नाही.

पोलीस मुख्यालयाच्या मागच्या अंगाला माहिती मागायची खिडकी होती. खिडकीतल्या बाई निवृत्तीला आलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात. त्यांनी अर्ज वाचला आणि परत सरकवला.

"'माझ्या मुलाला काय केलंत' असं नाही विचारता येत, बाई. इथे प्रश्न चालत नाहीत. आमच्याकडे जे आहे ते मागायचं. चित्रण मागा."

तिने तिथेच बाकावर बसून दुसरा अर्ज लिहिला.

"मुलगा सज्ञान आहे ना? मग त्याच्या नावाने करा, त्याची सही घेऊन या."

"त्याचं सगळं मीच करते. शाळेपासून. तो नाही यायचा इथे."

"चालेल तुमच्या नावानेही, पण मग काय होतं..."

"चालेल ना? मग झालं." तिने सही ठोकली आणि अर्ज आत ढकलला. तिला भीती होती, की हाही अर्ज परत येईल.

बोलावणं यायला बरेच दिवस गेले. घरी संगणक नव्हता, म्हणून बाईंनी तिला आत घेतलं, फायलींच्या खोलीत आपल्या खुर्चीवर बसवलं आणि चित्रण लावून दिलं.

चौकीतला व्हरांडा. बाकावर ओळीने मुलं बसलेली. प्रत्येकाच्या मानेवर चेहऱ्याच्या जागी करडा, हलता डाग.

"हे काय? तोंडं कुठेत?"

"झाकलीत. नियम आहे."

आपल्या पोटच्या पोराला तिने पॅन्टवरून ओळखलं. त्याची उंची वाढली तशी तिनेच खालची दुमड सोडली होती. जुन्या दुमडीची फिकट रेघ इस्त्रीने कधी गेलीच नाही. तो टोकाला बसला होता, गुडघे जुळवून.

हवालदाराचा आवाज आला, "घरी कोण कोण असतं?"

"कोणी नाही."

"आईबाप?"

"नाहीत."

"मग काय आभाळातून पडलास?" कोणीतरी हसलं. "चल आत."

तो उठला आणि उजवीकडच्या दारातून आत गेला. मग नुसता व्हरांडा. बाहेर आला तेव्हा एका हाताने भिंत धरून चालत होता. बाकावर बसला, तोही अर्धवट, एका कुशीवर. डाग खाली झुकला. तो रडत होता का, ते दिसलं नाही.

"आतलं लावा ना."

"आत कॅमेरा नाही."

"मग चेहरा तरी दाखवा. आई आहे मी त्याची."

"इथे तुम्ही तिऱ्हाईत, बाई. अर्ज तुमच्या नावाचा. तेच सांगत होते तेव्हा. त्याने स्वतः मागितलं असतं तर फक्त त्याचा चेहरा उघडा मिळाला असता." बाईंनी पाण्याचा ग्लास पुढे केला. "महिनाअखेरपर्यंत मूळ चित्रण आहे. मग पुसतात. त्याची सही आणा."

घरी आल्यावर तिने कोरा अर्ज त्याच्यासमोर ठेवला. तिला सहीबद्दल बोलायचं होतं, पण तोंडून भलतंच आलं.

"घरी कोणी नाही म्हणालास?"

त्याने कागद वाचला. "पाहिलंस तू?"

"मी फोन हातात घेऊन बसले होते रे, राजा."

"माहीत होतं. बोलावलं असतं तर आली असतीस."

"धावत आले असते."

"म्हणूनच." त्याने कागद बाजूला सारला. "माझ्या आधी एकाच्या वडिलांना बोलावलं होतं. त्यांना आत त्याच्यासमोर उभं केलं. मला बाहेर ऐकू येत होतं."

नवरा दारात उभा होता. त्याने मान वळवली.

"सही कर," ती म्हणाली. "त्या पोलिसांना सुखाने झोपू द्यायचं का?"

"माझं तोंड दिसलं का तुला त्यात?"

"नाही. झाकलं होतं."

"मग राहू दे तसंच, आई." त्याने अर्जाची घडी घातली आणि तिच्या हातात दिली. "तुला ते बघून झोप नाही यायची."

झोप तशीही येत नव्हती. महिना संपला त्या दिवशी ती खिडकीपर्यंत गेली. बाईंनी चष्मा चढवून तिच्या हातांकडे पाहिलं. हात मोकळे होते.

ती पॅन्ट तिने कपाटात तळाशी ठेवली आहे. मशीन उचलून दाराला लागून मांडलं आहे. बेल वाजली की तो आत पळायच्या आधीच ती उठते आणि दार निम्मंच उघडते, दोन्ही हात चौकटीला लावून.